बर्फखान्याच्या दारातली ओ

बसा, अमजद. त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, तेवढं सांभाळा. कंदील इकडे घेतो. तुम्हाला दारात ताटकळत ठेवलं, तीनदा हाक मारायला लागली. तुम्ही म्हणता, तिसऱ्या हाकेला 'दार उघडाच हाय, या' असं आतून ऐकू आलं, म्हणून ढकलून आलात. बरं केलंत.

आराखडा वाचलात आणि पहिला प्रश्न तोच केलात, जो सगळे करतात. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर आपली माणसं वर्षभर ठेवायची, तो बर्फ वाढतोय की हटतोय ते मोजायचं, थरांत अडकलेली जुनी हवा तपासायची, हे सगळं पटतं. मग नियमांत पहिलाच नियम असा का, की कोणतंही दार लावण्याआधी आत हाक मारावी, आणि ओ आली तर तो माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत दार लावू नये? दिल्लीच्या एका गृहस्थांनी त्याच्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी ते खोडलं. नियम ठेवला.

हा नियम मी नॉर्वेत शिकलो नाही. इथेच शिकलो, पनवेल बंदराकडच्या बर्फाच्या कारखान्यात.

छप्पन सालचा मे. मी नुकताच नॉर्वेहून, बर्फाचा अभ्यास करून परतलो होतो. बरोबर एक पेटी होती आणि पेटीत तिकडच्या हिमनदीतून छिद्र पाडून काढलेला बर्फाचा एक दांडा, हातभर लांब. बोटीवर मासळीच्या थंड कोठीत आणि मुंबईहून भाताच्या तुसात दाबून तो मी इथवर आणला होता. पनवेलमध्ये त्याला जगवणारी जागा एकच. बिनखिडकीची, लाकडी जाड दाराची ती खोली, जिला सगळे बर्फखाना म्हणत.

तेव्हा मी भेटेल त्याला धरून सांगत असे की ध्रुवाकडचा बर्फ वितळला तर इथल्या खाडीची भरती चढेल, उलव्याच्या मिठागरांचे बांध पाण्याखाली जातील, म्हणून आपण तिकडे जायलाच हवं, आपलं आपण मोजायला हवं. लोक ऐकून घेत. कारखान्याचा मुकादम काशिराम मात्र चेष्टा करी.

"आमी बर्फ करतो नि इकतो. तुमी साता समुद्रापल्याडून आनलाव, नि इकत पन नाय. बर्फसाहेब, धंद्यात बुडनार तुमी."

"यात हवा आहे, काशिराम. हजारो वर्षांपूर्वीची. वितळताना तडतडते. कानाशी धरलं तर ऐकू येते."

त्याचं हसू मावळलं. "कोंडलेली हवा तशीच ऱ्हाते?"

"राहते."

"मानसाचा दम पन?"

"थंडी तेवढी असेल तर का नाही?" मी हसत म्हणालो.

दाराकडे बघत त्यानं धाकट्या भावाचं सांगितलं. धर्मराज त्याचं नाव. बर्फाच्या लाद्या रचायला आत गेलेला. बाहेरून कोणीतरी दार लावलं, इंजिनाच्या धडधडीत आतली हाक कोणाला ऐकू आली नाही; तो आतच गेला. तेव्हापासून त्या कारखान्यात रीत पडली. आत जाणाऱ्यानं चपला उंबऱ्याशी काढायच्या, पायांना गोणपाट गुंडाळायचं. दार लावणाऱ्यानं आधी चपला बघायच्या, मग 'आत कोन हाय?' म्हणून हाक मारायची.

"ओ देतो तो कदी कदी," काशिराम म्हणाला. "मंग आमी दार तसाच ठेवतो. थोड्या येळानं गप होतो."

मी मनात म्हटलं, दु:ख आहे, बोलू द्यावं.

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून दोन शास्त्रज्ञ यायचे होते. त्यांना तो बर्फ दाखवायचा, ऐकवायचा. त्यांनी होकार दिला तर आराखडा पुढे जाणार, नाहीतर माझी सगळी वर्षं त्या तुसात. म्हणून भर दुपारी तुसाचं नवं पोतं घेऊन मी कारखान्यात गेलो. काम एवढंच की पेटीतलं ओलं तूस बदलायचं. पायात नॉर्वेतले जाड बूट होते. ते काढून गोणपाट कशाला गुंडाळायचं? मी तसाच आत गेलो. उंबऱ्याशी माझ्या चपला नव्हत्या.

गणू नावाचा कामगार जेवायला निघाला. त्यानं चपला बघितल्या, एकही नव्हती. हाक मारली असणार. मी पेटीत वाकलेलो होतो. दार लागलं.

पाठोपाठ इंजिन थांबलं. दिवाही त्याच्यावरच चालायचा, तोही गेला.

मी घाबरलो नाही. थंडी मला माहीत होती, असे अंधार माहीत होते. दाराशी गेलो, मुठी आपटल्या, ओरडलो. पण आवाज तोंडातून निघून हातभर पुढे जायचा आणि तिथेच विरायचा. लाकूड ओल्या कापसासारखं मुठी गिळत होतं. बाहेर पनवेलची दुपार तापलेली, आणि इथे अमोनियाचा उग्र दर्प नाकात चढत होता.

मग पेटीतला बर्फ तडतडू लागला.

वितळल्याशिवाय तो तडतडत नाही, अमजद. आणि तिथे काहीच वितळत नव्हतं.

थोड्या वेळानं ती तडतड थांबली आणि तिच्या जागी श्वास ऐकू आला. भीती घालणारा नव्हता. दमलेला होता. खूप ओरडून, मग ओरडणं सोडून बसलेल्या माणसाचा. तंबाखूचा वास आला, ओल्या गोणपाटाचा वास आला. मी भिंतीला टेकलो. शेजारी कोणीतरी टेकलेलं होतं...

बाहेरून काशिरामची हाक आली. "आत कोन हाय?"

मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडलो. आणि माझ्या खांद्याशी कोणीतरी अगदी सावकाश म्हणालं,

"दोगं हाव."

दार उघडलं. ऊन डोळ्यांत घुसलं. काशिराम माझ्यापलीकडे, आत बघत होता.

"कवा गेलाव आत?"

"मघापासून ओरडतोय मी."

"तुमचा आवाज नाय आला."

"मग दार का उघडलंत?"

उंबऱ्यावर हात ठेवून त्यानं हलकेच हाक मारली, "धर्मा..." काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. त्याचे डोळे भरून आले. दार लावायला त्यानं कडीला हात घातला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आत कोन हाय?"

मी त्याच्या शेजारी उभा होतो. माझं तोंड मिटलेलं होतं.

"मी आहे," आतून उत्तर आलं. आवाज माझा होता.

काशिरामनं माझ्याकडे बघितलं. "तो सुटला," तो म्हणाला. "तुमी ऱ्हायलाव."

"भ्रम आहे. दार लावा."

"नाय लावायचा. ओ आली."

उंबऱ्यावरून थंड वाफ बाहेर लोळत होती आणि दुपारची झळ आत शिरत होती. दार उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत पेटीत पाणी उरलं असतं. मी त्याला विनवलं, समजावलं. त्यानं कडीवरचा हात काढला, बस. शेवटी मीच दार ओढलं. आतून पुन्हा ओ आली का, म्हणून मी कान दिला नाही.

पाहुणे आले. बर्फाचा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकला. त्यांतले वयस्क गृहस्थ पेल्याला कान लावून कितीतरी वेळ बसले आणि म्हणाले, "लिहा आराखडा." तो हा.

काशिराम नोकरी सोडून मिठागरावर गेला. मी दमलेलाच असतो. झोपून उठतो तोही दमून. डॉक्टरांना काही सापडत नाही. समोर बसलेल्याला माझं बोलणं ऐकू जातं, तुम्हाला जातंय ना? मध्ये दार आलं की जात नाही. बर्फावर, वादळात, तंबूतून ज्याची हाक बाहेर पोचत नाही, त्यानं तिकडे जायचं नसतं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तिथे आता तुम्ही जायचं, अमजद. म्हणून तुम्हाला बोलावलं. पहिला नियम तेवढा पाळा.

आणि एक राहिलंच. तुम्ही तीनदा हाक मारलीत. मी तिन्ही वेळा ओ दिली, 'थांबा, आलो' म्हणालो. ती तुम्हाला ऐकू येणार नव्हतीच.

'दार उघडाच हाय, या', हे मी म्हणालो नाही. आणि या घरात मी एकटाच राहतो.

निघायची घाई करू नका. दार लावायच्या आधी आपण दोघं बाहेर उभे राहू, आणि हाक तुम्ही मारा.