चूकमान

महानंदा बिराजदारने भाकरी पारखी यंत्राच्या काचेवर ठेवली आणि लाल दिवा लागला. सकाळपासूनची ही एकविसावी. यंत्रातून एका बाईचा गोड, शहरी आवाज आला, ‘यंत्रनिर्मित. कृपया बाजूला ठेवा.’ कोंडलगीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा चुली धगधगत होत्या, महानंदाच्या कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ लागलेलं होतं, आणि ही भाकरी बाईने केलेली नाही असं ते यंत्र तिलाच सांगत होतं.

‘साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत थापली की ओ,’ ती म्हणाली.

कौस्तुभ नेर्लेकर हा महिला उन्नती केंद्राचा प्रकल्प अधिकारी. वय तिशीच्या आत, खादीचा कुडता कडक इस्त्रीचा. त्याने हातातल्या टॅबवरून नजर काढली नाही. ‘मी पाहिलं हो मावशी. पण माझ्या पाहण्याला काय किंमत? तुमचं चूकमान शून्य पूर्णांक चार येतंय. निदान तीन लागतं.’

‘सदतीस वर्षं थापतेय. हात बसलाय माझा.’

‘माणसाचा हात इतका बसत नाही,’ कौस्तुभ म्हणाला. आयुष्यात एकही भाकरी न थापलेल्या माणसाने हे सांगितलं आणि टॅबवर तशी नोंदही केली.

पारखी चारेक वर्षांपूर्वी आली. ज्या घरांत चहासुद्धा यंत्र करतं, त्या घरांतल्या लोकांना एकाएकी हाताची ओढ लागली होती. हातची भाकरी, हातची गोधडी, हातचं लोणचं. दुप्पट पैसे मोजायला ते तयार होते, फक्त फसायला तयार नव्हते. म्हणून पारखी. ती भाकरीतून ध्वनिलहरी सोडून चारशे ठिकाणी जाडी मोजते, कडेचा गोलावा तपासते, बोटांचे दाब शोधते आणि या सगळ्यातल्या चुकांची बेरीज करून एक आकडा देते, तेच चूकमान. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. म्हणजे जिथे चूक नाही तिथे माणूस नाही, असा त्यामागचा सिद्धांत. तो मांडणाऱ्या विद्वानांना आपलं काम नीट येणारी एकही बाई कधी भेटली नसावी. भेटली असेल तर त्यांनी तिच्याकडे बघितलं नसावं.

महानंदाची कडक भाकरी आसपासच्या पाच गावांत प्रसिद्ध होती. चुलीला टेकवून वाळवली की कागदासारखी पातळ, मधे आणि कडेला तीच जाडी, दोन महिने टिकणारी. नवरा गेल्यावर तिने घर उभं केलं ते याच भाकरीवर. आता केंद्रातल्या बायांच्या गटाच्या भाकऱ्या पुण्यातल्या मोठ्या दुकानांत जात होत्या, आणि तिथे ‘हस्तनिर्मित’ या शिक्क्याशिवाय खोकं आत घेत नव्हते.

केंद्राने यावर उपाय काढला. केंद्र नेहमी काढतं तोच, म्हणजे कार्यशाळा. शेडच्या दारावर फलक लागला, ‘नैसर्गिक चुका : एक कौशल्य’. तीन दिवस, चहा-नाश्त्यासह. ज्या बायांना भाकरी नीट जमावी म्हणून लहानपणी आयांनी बोटांवर उलथनी मारली होती, त्यांना आता ती बिघडवायला शिकवायला पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या. बायांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं आणि शिकल्या. पोटाचा प्रश्न होता.

या कार्यशाळेत सगळ्यांच्या वर निघाली सुगलाबाई. तिचा उजवा अंगठा तरुणपणी दाराच्या फटीत चेचला होता, तो वाकत नसे. त्यामुळे तिच्या प्रत्येक भाकरीच्या कडेला एक उथळ खळगा पडायचा. ‘कुत्र्यानं तोंड लावल्यासारखी भाकर,’ म्हणून सासूने तिला वीस वर्षं ऐकवलं होतं. पारखीने तिला चूकमान नऊ दिलं. शेवटच्या दिवशी तिला शाल आणि नारळ मिळाला. ज्या अंगठ्यापायी ती आयुष्यभर खाली मान घालून जेवली, त्याच्याचसाठी टाळ्या वाजत होत्या, आणि तिला रडावं की हसावं ते कळेना.

महानंदाने मनापासून प्रयत्न केला. कड तिरकी केली, मधे जाड ठेवली. पारखी म्हणाली, ‘हेतुपुरस्सर चूक. कृपया बाजूला ठेवा.’ कारण सोपं होतं. चूकही ती मापात करत होती, दहा भाकऱ्यांत दहा वेळा, त्याच जागी, तेवढीच.

बाकीच्या सगळ्या बायांच्या मनगटांवर त्या तीन दिवसांत एकेक पट्टा बांधला होता. हात कसा फिरतो, कुठे दाब पडतो, सगळं त्यात साठत होतं. ‘अभ्यासासाठी,’ कौस्तुभ म्हणाला. महानंदाने आपलं मनगट पुढे केलं, तेव्हा त्याने पट्टा परत पिशवीत टाकला. ‘तुमच्याकडून शिकण्यासारखं काही नाही, मावशी.’

तिला चुलीवरून उठवून पॅकिंगला बसवलं. आपल्या हाताने दुसऱ्यांच्या वाकड्यातिकड्या भाकऱ्या खोक्यात भरताना तिचा जीव नुसता जळायचा. घरी ती कुणाशी बोलेनाशी झाली. लहानपणापासून एकच गोष्ट तिला उत्तम येत होती, आणि नेमकी तीच तिची खोट ठरली होती.

तीन महिन्यांत बारापैकी सात चुली विझल्या. भाकऱ्या आता बाहेरून, ‘दुसऱ्या केंद्रातून’ टेंपोने यायच्या. कोंडलगीत बहुतेकींनी फक्त खोकी भरायची. खोक्यावर चुलीपुढे हसणाऱ्या सुगलाबाईचा फोटो होता.

एका सकाळी भाकरी उचलताना महानंदाच्या बोटांना कडेचा खळगा लागला. तिने दुसरी उचलली. तिसरी. त्या भागातल्या बाया डोळे मिटून हात फिरवला तरी भाकरी कुणाची ते सांगतात. ही सुगलाबाईची होती. समोरची सहाच्या सहा खोकी सुगलाबाईची. आणि सुगलाबाई तर तीन आठवडे लेकीच्या बाळंतपणाला विजापूरला होती.

महानंदाने विचारलं तेव्हा कौस्तुभ ओशाळला नाही, उलट खुलला. हायवेलगतच्या कारखान्यात यंत्र बसवलं होतं. पट्ट्यात साठलेला हात त्यात भरला, की ते हुबेहूब तसंच थापतं, चुकांसकट. ‘चूकमान नऊ पूर्णांक दोन!’ तो म्हणाला. ‘सुगलाबाईंपेक्षा जास्त सुगलाबाई!’

‘आणि आमी काय करायचं?’

‘पॅकिंग आहेच की. शिवाय खोक्यावर फोटो तुम्हा बायांचाच राहणार आहे.’ या वाक्याची लाज वाटायला जे काही लागतं, ते त्याच्या शिक्षणात कुठे आलं नव्हतं.

सुगलाबाई परत आली. तिने खोक्यातली भाकरी घेऊन आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. बरोबर बसला. मग म्हणाली, ‘साहेब, थंडीत ह्यो अंगठा लई ठणकतो. तवा कड अजून बिघडती. त्ये जमतं का तुमच्या यंत्राला?’

ती त्याला लाजवायला बोलली होती. त्याने टॅब उघडला. ‘म्हणजे हिवाळी हात वेगळा आहे? हे छानच झालं!’ यंत्रात एका वेळी एकच हात राहायचा. नवा भरला की जुना पुसला जायचा, कारण खोक्यावर ‘या आठवड्याचा ताजा हात’ असं छापायचं असे. कौस्तुभने पिशवीतून पट्टा काढून सुगलाबाईच्या हातात दिला. आठवडाभर बांधून थापा, कारखान्यातलं यंत्र तो हात आपोआप उचलेल, असं सांगून तो महिला सक्षमीकरणावरच्या परिषदेला महाबळेश्वरला गेला.

त्याची गाडी दिसेनाशी झाली तशी महानंदा म्हणाली, ‘सुगले, पट्टा हिकडं आण.’

आठवडाभर ती थापत होती. विझलेली आपली चूल तिने पुन्हा पेटवली, काटवटीपुढे बसली आणि पहिला गोळा हाताखाली फिरला तसं तिला इतकं बरं वाटलं, की तिने डोळेच मिटून घेतले. बाकीच्या बाया पॅकिंग सोडून बघत बसल्या. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या भाकऱ्या तिने त्या आठवड्यात केल्या, आणि पट्ट्याने त्या शेवटच्या दाबापर्यंत टिपून घेतल्या.

कोंडलगीतलं पॅकिंग पडून राहिलं होतं, म्हणून पुढच्या सोमवारी कारखान्याचा अख्खा माल परस्पर पुण्याला गेला. अकरा हजार भाकऱ्या. दुकानाच्या पारखीवर एकेकीला लाल दिवा लागला.

कौस्तुभ धापा टाकत शेडमध्ये शिरला. कुडत्याची इस्त्री मोडली होती. ‘सुगलाबाई, काय केलंत तुम्ही?’

‘सुधारले की ओ, साहेब,’ सुगलाबाई म्हणाली. ‘तुमीच म्हनता न्हवं, बायांनी पुढं जावं.’

त्याचा फोन वाजला. पुण्याच्या दुकानांचे मुख्य खरेदीदार होते, आणि त्यांचा आवाज इतका चढला होता की तो शेडभर ऐकू येत होता. या भाकऱ्या यंत्राच्या आहेत का, एवढंच त्यांना हवं होतं. हो म्हणालात तर केंद्राचा शिक्का आजच रद्द.

कौस्तुभने घाम पुसला. ‘नाही नाही सर! हातच्याच आहेत. शंभर टक्के हातच्या… अहो, सदतीस वर्षं थापणारी बाई आहे आमच्याकडे. हात बसतो असा माणसाचा… पारखीचं काय घेऊन बसलात सर, तिला काय कळतंय!’

त्याने फोन ठेवला. महानंदा चुलीपुढून उठली, आपल्या तव्यावरची ताजी भाकरी उलथनीने उचलली आणि पारखीच्या काचेवर ठेवली. लाल दिवा लागला.

‘यंत्रनिर्मित. कृपया बाजूला ठेवा.’

महानंदाने भाकरी बाजूला ठेवली नाही. पिठाचे हात पदराला पुसत तिने कौस्तुभकडे बघितलं.

‘साहेब, आत्ता फोनवर बोललात त्ये हिला तुमी सांगता, का मी सांगू?’