डावीकडचा आवाज

गाडीचं चाक बदलायला अजून तासभर तरी लागणार होता, तेव्हा आप्पा बोलायला लागले. आप्पांनी चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून नुसतेच सोबत येतात. समोर नवा गिटारवाला आणि नवी गायिका, दोघंही मोबाइलच्या उजेडात मान खाली घालून.

"विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या," आप्पा म्हणाले. "पण माणूस आपल्या ओळखीचा. एक तार तुटली की तोंड पाडून बसणाऱ्यातला नव्हता तो."

गिटारवाल्याने मोबाइल खिशात टाकला.

त्याला सगळे बारक्या म्हणायचे. बारक्या कीबोर्ड वाजवायचा आणि शेजारी त्याची थोरली बहीण, ताई, दुसरा कीबोर्ड वाजवायची. पियानो, बासरी त्याच्याकडे. व्हायोलिनचा ताफा आणि मागे पसरून राहणारा जाड सूर तिच्याकडे. ताई आजारी पडली आणि अकरा दिवसांत गेली. नंतर बारक्याचं काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. जेवायचा, झोपायचा, विचारलं की उत्तर द्यायचा. रडला मात्र नाही. आपल्याला रडू येत नाही याची त्याला लाज वाटायची, आणि ती लाजसुद्धा दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

गोष्ट घडली नोव्हेंबरात, नऊ तारखेला, सोमवारी. ताईला जाऊन एकवीस दिवस झाले होते. संध्याकाळी पावणेसहाला तो तिचं पेडल आणायला घरी गेला. पंजाने दाबलं की आवाज वाढतो, टाचेने दाबलं की उतरतो, एवढंच ते यंत्र. आई ताईच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा.

"सापडलं का?"

"हो."

"दोन घास खाऊन जा."

"नको गं, उशीर होतोय."

"एकट्याने जमेल ना रे?"

"जमेल," तो म्हणाला आणि निघाला.

हॉलवर ऑर्केस्ट्राच्या मालकांनी तेच विचारलं, फक्त सूर वेगळा. "दोघांचं काम एकट्याने ओढायचंय. आज निभावलंस तर जागा तुझी. नाही तर दुसरा माणूस सांगून ठेवलाय. वाईट वाटून घेऊ नकोस."

बारक्याला वाईट वाटलं नाही. पण ही जागा गेली तर ताईसोबत वाजवलेलं काहीच आपल्याकडे उरणार नाही, एवढं त्याला कळत होतं.

त्याने ताईचं पेडल पायाशी जोडलं आणि एकाच कीबोर्डवर चार आवाज एकावर एक चढवले. प्रत्येकाला एक स्लायडर. वर सरकवला की आवाज येतो, तळाला ओढला की बंद. सात गाणी, त्यांची जमवाजमव सात बटणांत भरलेली. गंमत अशी की पट्टी कुठलीही दाबा, वर असलेले सगळे आवाज एकदम बोलणार. म्हणजे वाजवता वाजवता नको ते खाली ओढत राहायचं. माणसाला हात दोन, त्यातला एक स्लायडरवर. उरला एक!

साडेनऊला पडदा उघडला. पहिली तीन गाणी त्याने कशीबशी रेटली. एकदा पियानोखाली व्हायोलिन तसंच राहून गेलं आणि सगळा चिखल झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक काय, सवयीने वाजवतात.

दहा वाजून वीस मिनिटांनी चौथं गाणं. संथ. दुसऱ्या कडव्यात गायिकेचा श्वास संपला की ताईची व्हायोलिनं यायची. लगेच नाही, जरा थांबून. बारक्याने ती गाळायची ठरवली होती. दोन्ही हात पियानोवर, तिसरा आणायचा कुठून? व्हायोलिनचा स्लायडर त्याने तळाला ओढून ठेवला.

दुसरं कडवं आलं.

गायिकेचा श्वास संपला.

जरा थांबून... व्हायोलिनं आली.

त्याने स्लायडर पाहिला. तळाला होता.

खाली पाहिलं. त्याचे पाय बाकाखाली, मागे. पेडल पुढे. आणि ते हळूहळू झुकत होतं...

समोरून, सगळ्यांचा आवाज सांभाळणाऱ्या मिक्सरवाल्याने हात उडवला. हे काय? बारक्याने नुसती मान हलवली. मिक्सरवाल्याने कीबोर्डची लाइन बंद केली.

पियानो गेला.

व्हायोलिनं राहिली.

गायिका गात होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. बारक्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचा डावा हात आपोआप उचलला गेला. तो बाकावर उजवीकडे सरकला. लहानपणी घरात एकच कीबोर्ड होता, तेव्हा सरकायचा तसा.

डावीकडे त्याने पाहिलं नाही.

"ताई..."

ओठ हलले फक्त.

मिक्सरवाल्याने घाबरून लाइन पुन्हा चालू केली. बारक्या उजव्या हाताने वाजवत राहिला. गाणं संपेपर्यंत.

कार्यक्रम आटोपल्यावर मालकांनी पाठीवर थाप मारली. "जागा तुझी रे! दोघं वाजवताहेत असंच वाटलं. अरे, काहीतरी बोल की."

"हो," बारक्या म्हणाला.

पाऊण वाजता तो रिकाम्या स्टेजवर सामान आवरत होता. कीबोर्ड बंद करायला गेला तर आठव्या बटणाचा दिवा लागलेला. त्याने भरलेली सातच. वाजवून पाहिलं. पट्ट्या मधोमध विभागलेल्या होत्या, डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे पियानो. असं विभागायचं कसं, ते फक्त ताईला यायचं. त्याने कधी शिकून घेतलंच नव्हतं.

मग तो रडला. मोठ्याने, ओरडून रडला.

आप्पांनी गुडघा चोळला. बाहेर जॅकचा आवाज थांबला होता.

"मग... अजून वाजवतात ते?" नव्या गायिकेने विचारलं.

"वाजवतो की. त्याच बटणावर." आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "मला दाखवलंय त्याने. डावीकडचा आवाज तिने उजवीकडच्यापेक्षा दोन घरं कमी ठेवलाय. धाकट्याचं वाजवणं लोकांना ऐकू जावं म्हणून."