बोक्याचा खोकला

"आत आणू नका त्याला. तिथंच थांबा."

दवाखान्याच्या पायरीवर एक पाय टाकलेला तो माणूस जागच्या जागी थबकला. हातात दोरी, दोरीला तपकिरी कुत्रा, आणि कुत्र्याला असा ठसका की बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. आत बाकांपाशी तीन कुत्री नंबर लावून बसली होती. म्हणून डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर, पायरीपाशी आली.

"बटण गिळलंय यानं," तो म्हणाला. "मी शिंपी. कोटाची आठ बटणं होती, सातच सापडली."

तिनं घसा पाहिला, छाती ऐकली. "बटण-बिटण काही नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या कुत्र्यांत होता का?"

"गावाला गेलो होतो... तेव्हा कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवला होता."

"मग तिथूनच आणलाय. संसर्गाचा खोकला आहे. हवेतून लागतो, एका भांड्यातलं पाणी प्यायलं की लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, घशात काही अडकलंय. चौदा दिवस इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा. गळ्यात पट्टा नको, छातीला बांधा. खाणं सोडलं, ताप आला, धाप लागली, तर तडक या. नाव काय?"

"बोका."

"कुत्र्याचं?"

"मांजर आणायला गेलो होतो हो. येताना हा मागं लागला. नाव आधीच ठरलं होतं."

तिला हसू आवरेना. "दिवसाआड दाखवून न्या," ती म्हणाली. असं तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. अंगण झाडणाऱ्या मावशींनी झाडू थांबवून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं.

पुढच्या खेपेला बोक्याच्या छातीला नवाकोरा पट्टा होता – दुहेरी शिलाईचा, आतून मऊ अस्तर लावलेला.

"एवढे लाड?"

"गिऱ्हाईक नाजूक आहे."

"डॉक्टरांचंही शिवता का काही?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"शिवतो की... माप घ्यावं लागेल." कानापर्यंत लाल होऊन तो कुत्र्याकडेच बघत राहिला.

खोकला उतरत गेला. डॉक्टर म्हणून तिला बरं वाटत होतं, पण हा माणूस आता यायचा थांबणार, हे तिला नको होतं.

चौदाव्या दिवशी बोका उड्या मारत आला. तिनं त्याची छाती गरजेपेक्षा जास्तच वेळ ऐकली.

"ठणठणीत आहे."

"म्हणजे... आता यायचं काही कारण नाही." त्यानं दोरी हाताला गुंडाळली आणि तो वळला.

"अहो, ऐका." तिनं त्याला थांबवलं. "दिवसाआड आणायची गरज नव्हती. फोनवर सांगून भागलं असतं. मी खोटं बोलले."

"माहीत आहे. तुमच्या मावशींनी दुसऱ्याच खेपेला सांगितलं."

"मग एवढी पायपीट कशाला केलीत?"

"तुम्ही या म्हणालात ना..."

तिनं गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात ठेवला.

"मग उद्याही या," ती म्हणाली. "बोक्याला घरी ठेवून."