सारजाबाईचा बांध

मोनिका, तो मोबाईल ठेव खाली. अन् ऋतुराज, तू दात काढू नको. अंधार पडल्यावर म्हातारा थापा मारतो म्हणतोस? तुझ्या बापाला विचार, दौलताबादचा नानासाहेब खोटं बोलणारा माणूस हाय का. माझा शाळेतला जोडीदार. त्याच्याच तोंडून ऐकलंय म्या.

आपल्या भागात भात कुठला, म्हणाल. पण नानाचं रान तळ्याच्या खाली, पाझर लई. तिथं दहा गुंठ्यांत भात व्हायचा, अन् ते समदं त्याच्या बायकोचं, सारजाबाईचं काम. खाचरांचे आकार बघावे तर एक कोयरीसारखं, एक नुसतंच पोट सुटलेलं. ती आधी पाणी सोडायची. पाणी जिथवर सारखं पसरंल, त्याच कडंनं चिखल थापीत जायची. आम्ही चेष्टा करायचो. म्हणायची, "भावजी, पाण्याला सरळ रेघ कळत नाय. उतार जसा, तसा बांध."

गेल्या साली माघात सारजाबाई गेली. पोरगा अभय, चिकलठाण्याला कंपनीत. तो आला, बापाला म्हणला, "आबा, ट्रॅक्टर वळत नाय, बांध सरळ करून टाकू." नाना व्हय म्हणला. एका सकाळीत समदं चौकोनी.

लावणी झाली, अन् पाणी गोळा झालं खालच्या अंगाला. तिकडं रोपं बुडाली, इकडं भेगा. नाना माझ्याकडं येऊन रडला. भातासाठी नाय रं. म्हणला, "तिच्या हातचं तेवढंच राह्यलं व्हतं. तेबी म्याच मोडलं."

श्रावणातला दुसरा सोमवार. शेताला लाईट रात्रीची. उपास सोडून नाना मोटार चालू करायला गेला. आभाळ भरलेलं, पाऊस नाय. मोटार लागली, पाणी सुटलं. नाना बॅटरी घेऊन खाचराकडं आला, तर...

थप्. थप्.

चिखल थापल्याचा आवाज. नानानं बॅटरी विझवली. मोटारीजवळच्या बल्बच्या उजेडात वाकलेली पाठ. पदर खोचलेला. पाण्याच्या कडंकडंनं... सरकत व्हती.

जन्मात त्यानं बायकोचं नाव घेतलं नव्हतं. अगं, ऐकलं का, एवढंच. त्या रात्री घेतलं.

"सारजे..."

थापणं थांबलं.

"चुकलं माझं."

ती पाठमोरीच...

मंग परत. थप्. थप्.

नाना तिथंच उभा. मला म्हणला, "व्हय, भ्यालो. ती निघून जाईल म्हणून भ्यालो."

लाईट गेली. मोटार बंद पडली. आवाजबी.

उजाडल्यावर त्यानं मला फोन करून बोलावलं. म्या या डोळ्यांनी बघितलंय. चौकोन नव्हताच. वाकडेतिकडे जुने बांध, जसेच्या तसे. पाणी घोट्याएवढं, समद्या खाचरांत सारखं. अभय त्या रात्री रातपाळीला व्हता, त्यानं हात लावला नाय.

एकच जागा नवी. मधल्या बांधाला रुंद बैठक केलेली, हातानं लिंपून गुळगुळीत. जन्मभर दोघं त्या रानात राबली, पण घटकाभर शेजारी बसलेली कुणी बघितली नाय.

ती बैठक अजून हाय. एवढा पाऊस झाला, खचली नाय. नाना रोज सांजच्याला जाऊन बसतो. एका कडंला बसतो. मधी नाय बसत.