अर्धं शेपूट

मास्तर एव्हारिस्तोंनी ओलं बोट सिंहाच्या सावलीवरून फिरवलं. बोट काळं झालं.

"छापाची शाई अशी सुटत नाही," ते म्हणाले. "हे टाकानं काढलंय. अस्सल चित्र चोरीला गेलं."

वर्गातले सहाही विद्यार्थी टेबलाभोवती जमले. मेक्सिकोतल्या ओआहाका शहराच्या त्या चित्रशाळेत तीनशे वर्षांपूर्वीचं एक छापचित्र होतं. गुहेत वाचत बसलेला साधू, शेजारी सिंह, पायाशी सरडा. रेषांवर रेषा टाकून छाया कशी भरायची, हे मुलं त्याच्यावरून शिकत. आता फ्रेममधून काढलेली नक्कल टेबलावर पडली होती. सरड्याचं शेपूट दगडाला वेढा घालून बसलं होतं.

इन्स्पेक्टर उबाल्दो दहा वाजता आले.

"संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे. ही निसेफोरा, विणकराची पोर. असल्या रेषा वर्गात दुसऱ्या कुणाला जमत नाहीत."

"कालपर्यंत माझे हात घोंगड्या विणायच्याच लायकीचे होते, मास्तर," निसेफोरा म्हणाली.

"तोंड सांभाळ. तुरुंगात विण आता."

उबाल्दोंनी तिच्याकडे पाहिलं. "अशी नक्कल काढायला किती दिवस लागतात?"

"महिना तरी."

"चित्र घरी नेलं होतंस?"

"कुणालाच नेऊ देत नाहीत. भिंतीवर बघून काढायचं. वर्ग सुटला की कपाटात."

"कपाटाची किल्ली?"

"माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "पण टेबलावर पडलेली असते. हिनं काल उचलली असणार."

"फ्रेम याआधी कधी उघडली होती?"

"कधीच नाही. मीसुद्धा आजच उघडली."

"आणि सुट्टीत चित्र कुठे असतं?"

"छप्पर गळतं. म्हणून या पावसाळ्यात दोन महिने माझ्या घरी होतं."

उबाल्दोंनी सहाही विद्यार्थ्यांचे सरावाचे कागद मागवले, शेजारी शेजारी मांडले. मग हवालदाराच्या कानात काही सांगितलं. तो गेला.

तासाभरानं तो एक गुंडाळी घेऊन परतला. "मास्तरांच्या घरी, कपड्यांच्या पेटीच्या तळाशी."

अस्सल चित्र होतं. मास्तर खुर्चीत बसले.

"या सहा कागदांवर सरड्याचं शेपूट अर्धंच आहे," उबाल्दो म्हणाले. "निसेफोराच्या कागदावरही. कारण फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची पट्टी चित्राची खालची कड झाकते. नकलेत मात्र शेपूट पूर्ण आहे. म्हणजे काढणाऱ्यासमोर चित्र फ्रेमबाहेर होतं, तेही एका रात्रीपुरतं नाही, महिनाभर. तेवढा वेळ ते फक्त तुमच्याकडे होतं. आणि तुम्ही म्हणालात, फ्रेम आजच उघडली. विकणार होता?"

"विकतोय कशाला?" मास्तरांचा आवाज चिरका झाला. "ही गेली की चित्र सापडलंच असतं. एकतीस वर्षं या रेषा घासल्या मी. ही सात महिन्यांत शिकली. वर राजधानीची शिष्यवृत्तीही हिलाच. मला कुणी विचारलं होतं?"

उबाल्दोंनी वही उघडली.

"मास्तर आहेत तुझे," उबाल्दो तिला म्हणाले. "तक्रार लिहू?"

निसेफोरानं नक्कल उचलून उजेडात धरली. बराच वेळ पाहिली.

"लिहा," ती म्हणाली. "नक्कल उत्तम आहे, तेही लिहा. आणि खाली त्यांची सही घ्या."