कायमचे बंद

मी चुलीपुढे उभी होते, हातात शेंगदाण्याच्या रश्श्याचा डाव होता, आणि सेंबात्या मला सांगत होता की माझी खाणावळ बंद पडली आहे.

"मी तर सरळ मसाकाला निघालो होतो, नालोंगो," तो म्हणाला. "मग केळीच्या पानाचा वास आला. म्हटलं, बंद खाणावळीतून धूर कसा येतो?"

सेंबात्या सिमेंट कंपनीचा विक्रेता. कंपालाहून आला की माझ्याकडे जेवल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्यानं फोन माझ्यासमोर धरला. वर माझंच नाव, माझ्याच पाटीचा फोटो, आणि खाली लाल अक्षरांत: कायमचे बंद.

"कुणी लिहिलं हे?"

"कुणी म्हणजे... नेटवर आहे."

"नेटला हात आहेत का? कुणीतरी लिहिलं असेल ना!"

तो खांदे उडवून जेवायला बसला. त्याचं काय जातंय? गेलं माझं. आमच्या लुकाया गावाचं सगळं पोट कंपाला-मसाका हमरस्त्यावर. एका अंगाला लवेराची दलदल, दुसऱ्या अंगाला आम्ही, मध्ये गाड्या. पूर्वी गाडीवाले वास घेत थांबायचे. आता आधी फोनमध्ये बघतात. माझ्या दारासमोर गाडी हळू व्हायची, आतला माणूस मान खाली घालून बोट फिरवायचा, मान हलवायचा आणि निघून जायचा. मी दारात उभी, अंगावर एप्रन, मागे धूर! एकानंही काच खाली करून विचारलं नाही, की बाई, उघडं आहे का?

खाणावळीपूर्वी मी कॉफीच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. काटा दाखवेल ते खरं, हा माझा धर्म. भुताखेतांच्या गोष्टी मी कधी ऐकून घेतल्या नाहीत. म्हणून हे सांगतानाही जे दिसलं तेवढंच सांगते.

माझ्या जुळ्या मुली. थोरली बाबिर्ये कंपालात एका वकिलाच्या कचेरीत, धाकटी नाकातो माझ्यापाशी. जुळ्यांची आई म्हणून मी नालोंगो. माझं मूळ नाव आता मलाच नीट आठवत नाही. नाकातोनं नेटवर दुरुस्ती पाठवली. दाराचे फोटो पाठवले, चुलीचे पाठवले, माझाही पाठवला. उत्तर आलं, "आभारी आहोत. आपल्या माहितीची खात्री करता आली नाही."

"मग करायला या की खात्री!" मी फोनवर ओरडले. "जेवून जा फुकट!"

"आई, तो ऐकत नाही."

"ऐकत नाही, बघत नाही, आणि माझं दार लावायला बरा हात पोचतो त्याचा!"

रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही फणसाखाली बसलो. नाकातो म्हणाली, "आई, एकाच दुकानदाराशी किती भांडायचं? शोधायची दुसरी इंजिनं आहेत. सगळी एकाच नजरेनं बघत नाहीत."

मग आम्ही दुसरी बघितली. एकानं आम्हाला सरोवराकाठची हॉटेलं दाखवली आणि विमानाची तिकिटं विकायला काढली. एकानं लंडनमध्ये वेण्या घालणारी कुणी नालोंगो शोधून दिली. एकानं वरच शपथ घेतली होती, आम्ही तुमच्यावर नजर ठेवत नाही.

"म्हणजे पहिला नजर ठेवत होता?"

"हो आई."

"ठेवत होता, आणि मी उघडी आहे हे दिसलं नाही त्या मेल्याला?"

नाकातो हसता हसता बाकावरून पडायची राहिली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

शेवटी तिनं एक पान उघडलं. पेजेच्या रंगाचं, मध्ये लिहायला एक रेघ. बाकी काही नाही. ना नाव, ना जाहिरात.

"कुठून काढलंस हे?"

"कुणीतरी कुठंतरी लिहिलं होतं. आठवत नाही गं."

तिनं आमचं नाव घातलं. एकच ओळ आली. नालोंगोची खाणावळ, लुकाया. उघडी आहे.

खाली फोटो होता. बाकडी, चूल, वाकलेली मी, आणि हात धुवायचं भांडं घेऊन उभी नाकातो. मी फोटो निरखून बघितला. तो मागच्या भिंतीकडून काढलेला होता. त्या भिंतीला छपरापर्यंत सरपण रचलेलं असतं. तिथं मांजरही उभं राहू शकत नाही.

हे मी पाहिलं, आणि सोडून दिलं. कारण मला आनंद झाला होता. म्हटलं, चला, कुणाला तरी डोळे आहेत. नाकातोनं त्या पानावर काहीतरी दाबलं आणि आम्ही उघडे असल्याची खूण केली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पहिला माणूस आला. तपकिरी कोट, हातात फोन, फोनवर ते फिकट पान. गाडी थांबल्याचा आवाज आला नव्हता. आमच्या रस्त्याची लाल धूळ माणसाला गुडघ्यापर्यंत रंगवते. याचे बूट स्वच्छ होते.

"उघडं आहे, बरं झालं," तो म्हणाला. "हल्ली कुठंच काही उघडं नसतं."

"इथं असतं," मी ठसक्यात म्हणाले.

नाकातोनं गुडघे टेकून त्याच्या हातांवर पाणी घातलं. मी लुवोंबो दिलं. कोंबडीचा तुकडा आणि शेंगदाण्याचा रस्सा केळीच्या पानात ठेवून, सोपटाच्या दोरीनं आवळून वाफवलेलं पुडकं. तो सावकाश जेवला. चोख पैसे दिले, तोंडभर कौतुक केलं आणि गेला.

ताटली उचलताना मी थबकले. पुडक्याची गाठ तशीच होती. माझी गाठ मी ओळखते. मी ती सोडली. आत काही नव्हतं. पान कोरडं होतं.

"नाकातो, हा जेवला ना?"

"जेवला की. बोटं चाटत होता."

मग रोज येऊ लागले. एकेकटे, सभ्य, हळू बोलणारे. बाकडी भरली. मी बघत राहायचे आणि तरीही पुडकं कुणी कधी सोडलं ते मला दिसायचं नाही. हात वळेपर्यंत रिकामं. पण गल्ला भरत होता, आणि मला रस्त्यावरच्या त्या काचा वर करणाऱ्यांवर सूड उगवल्यासारखं वाटत होतं. हे मी कबूल करते.

नेहमीची माणसं कमी झाली ते लक्षात यायला उशीर झाला. समोरच्या झाडाखाली मोटारसायकलवर भाडी मारणारे बोडावाले थांबतात. रोज माझ्याकडे जेवायचे. आता पलीकडे चपातीच्या गाड्यावर जायला लागले. एका दुपारी मी तडक रस्ता ओलांडला.

"काय रे कायिवा, माझं मीठ अळणी झालं का?"

कायिवानं चपाती खाली ठेवली. "नालोंगो! किती दिवसांनी! वाईट झालं हो खाणावळीचं. आता कुठं राहता?"

"डोळे फुटले का तुझे? ते बघ! धूर दिसत नाही?"

त्यानं बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"कुलूप आहे, न्याबो," तो हळूच म्हणाला. न्याबो म्हणजे बाईसाहेब; बायामाणसांशी तो एरवी इतक्या अदबीनं बोलत नाही.

मी त्याचं मनगट धरून दारापर्यंत आणलं. दार सताड उघडं, आत माणसं जेवताहेत. त्यानं हात पुढे केला आणि हवेत मूठ आवळून हलवली. लोखंड खडखडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

मी आत जाऊन नाकातोला म्हणाले, "ते पान काढून टाक. आत्ता."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"आई, तिथं आपण आहोत ना," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठं आहोत आपण?"

मी फोन हिसकावला. ते पान बंद केलं. परत उघडलं तर तेच पान. फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकला. दुपारी पाहुणे नेहमीसारखेच आले. नाकातो त्यांच्यासाठी पाणी घेऊन उभीच होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ती बऱ्याच दिवसांत उंबऱ्याबाहेर गेलीच नव्हती. बाजार मीच करत होते.

"चल, जरा बाहेर चल माझ्याबरोबर."

ती दारापर्यंत आली. "कुठं?"

"रस्त्यापर्यंत."

"कुठला रस्ता?" तिनं विचारलं. चेष्टा करत नव्हती. मी तिला दंड धरून ओढलं. भिंत ओढावी तसं वाटलं. ती दुखल्यासारखं करून म्हणाली, "आई, सोड. गिऱ्हाईक बसलंय."

मी बाबिर्येला बोलावून घेतलं.

ती सकाळच्या टॅक्सीनं आली. शेजारची शिंपीण नामुतेबी तिला वाटेतच भेटली होती. तिनं काय काय सांगितलं कोण जाणे, पोरीचे डोळे सुजलेले होते.

"आई, नाकातो कुठंय? तिचा नंबरच अस्तित्वात नाही असं सांगतात."

"आत आहे. वाटाण्याच्या शेंगा सोलतेय."

बाबिर्येनं दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आई, पायरीवर गवत उगवलंय."

"नाही उगवलेलं! मी रोज झाडते!"

"कायिवा," ती मागे वळून म्हणाली, "कुलूप तोडा."

कायिवा हातोडी घेऊन आला. उघड्या दारात उभा राहून त्यानं हवेवर घाव घातले. प्रत्येक घावाला ठिणगी उडत होती. मग काहीतरी तुटून खाली पडल्याचा आवाज झाला आणि ती सगळी आत आली.

नामुतेबीनं नाकाला रुमाल लावला. "किती ही धूळ!"

चुलीत जाळ होता. बाकड्यावरच्या पाहुण्यांनी पाय आवरून त्यांना वाट दिली.

कायिवानं चुलीतल्या जाळात हात घातला आणि म्हणाला, "गार आहे. खूप दिवस पेटलेली नाही."

नाकातो ताट घेऊन त्याला वळसा घालून गेली. खांबाला घालावा तसा.

"नाकातो," मी म्हणाले, "तुझी ताई आलीय."

"कुठंय?" तिनं आनंदानं वळून बघितलं. "कुठंय ताई?"

"तुझ्यासमोर!"

"आई, कुणाशी बोलतेयस?" बाबिर्ये म्हणाली.

दोघींत हातभर अंतर होतं. दोघींच्या कपाळावर तीच आठी. जन्मल्या तेव्हाही अशाच समोरासमोर ठेवल्या होत्या.

मी एकीचा हात धरला. उबदार होता.

दुसरीचा धरला. तोही उबदार होता.

मी दोन्ही हात एकमेकांवर ठेवले आणि वरून माझ्या हातानं दाबले. माझ्या तळव्याखाली एकच हात होता.

"आई, दुखतंय," दोघी एकदम म्हणाल्या.

मी सोडलं.

बाबिर्येनं मला कंपालाला नेलं. पोलिसांत नाकातो हरवल्याची तक्रार दिली. डॉक्टरांनी मला रात्रीच्या गोळ्या दिल्या. मी त्या घेतल्या, कारण मी वेडी नाही आणि वेडी नाही असं ओरडणाऱ्या बाईचं काय होतं ते मला ठाऊक आहे. दिवसभर मी बाबिर्येच्या फोनवर एकामागून एक इंजिनं उघडून माझ्या मुलीचं नाव घालायचे. सगळी मला विचारायची, तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं का? नाही म्हणायचं! हेच म्हणायचंय! ते फिकट पान मात्र त्या फोनवर कितीही शोधलं तरी लागलं नाही. कुठल्या कचेरीच्या दारावर जाऊन मी लाथ मारू? कुणाची गचांडी धरू? माझं दार लावणाऱ्याला तोंड नाही, आणि उघडणाऱ्याला नाव नाही.

मी लुकायाला परत आले. बाबिर्ये रडली, भांडली, मग दमली. आता मी नामुतेबीकडे झोपते आणि सकाळी खाणावळीत जाते. लोकांना वाटतं, म्हातारी पडक्या खोलीत जाऊन बसते. बसू दे वाटायचं. मी आत स्वयंपाक करते. माझी मुलगी तिथं आहे, ती हातापायानं धडधाकट आहे, आणि कुण्या परक्याच्या ताब्यात मी तिला एकटी सोडणार नाही.

काल मला बाजारात जरा उशीर झाला. आत शिरले तेव्हा बाकडी भरलेली होती. बोचकं खाली ठेवलं, घाम पुसला. नाकातो भांडं घेऊन आली. माझ्यापुढे गुडघे टेकले, नजर खाली ठेवली, माझे हात पुढे घेऊन त्यांवर सावकाश पाणी घातलं आणि फार अदबीनं विचारलं, "लांबून आलात का?"