पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

स्वस्तात फिरायचं तर वेळापत्रकाशीच लग्न लावायला हवं होतंस, असं माझी बायको इर्मा मला चिडवायची. मी चाळीस वर्षं जमीनमोजणीत काढली. अंदाजपंचे काही करणं मला जमत नाही. आमच्या हाले शहरातून उत्तरेला वार्नेम्युंडेच्या समुद्रावर जायचं, जलद गाड्यांना हात लावायचा नाही, साध्या गाड्यांनी चार ठिकाणी बदलत जायचं. त्यासाठी एका दिवसाचं सामाईक तिकीट मिळतं. त्यावर पाच ओळी असतात आणि प्रवाशांची नावं शाईनं लिहावी लागतात. ओळी उरल्या तर फलाटावरचं कुणी अनोळखी माणूस येऊन आपलं नाव घालतं आणि खर्चात वाटा उचलतं. आमच्याकडे यात कुणाला काही वाटत नाही.

इर्माच्या ऑपरेशनला दोनच महिने झाले होते. डॉक्टर जा म्हणत नव्हते, जाऊ नका असंही म्हणत नव्हते. तिचं एकच म्हणणं होतं, "फोल्कमार, मला एकदा समुद्र दाखव. बाकी काही नको."

आदल्या दिवशी मी जायचं आणि यायचं अशी दोन्ही तिकिटं भरली. पहिल्या ओळीवर माझं नाव शाईनं. दुसऱ्या ओळीवर तिचं, पेन्सिलीनं. तिला नाहीच जमलं तर तिथे तिच्या बहिणीचं, रोस्वीथाचं नाव घालता आलं असतं.

"मला खोडायची सोय करून ठेवलीस होय रे?" ती हसून म्हणाली. मीही हसलो. शाईनं गिरवायचं मात्र राहून गेलं.

सकाळी नऊला हालेच्या फलाटावर राखाडी रेनकोटातली एक बाई आमच्यापाशी आली. साठीची असावी. हातात सामान नव्हतं.

"तुमच्या तिकिटावर जागा आहे का हो?"

"तीन आहेत की," मी म्हणालो.

"मला एकच लागते."

तिनं स्वतःचं पेन काढून तिसऱ्या ओळीवर लिहिलं, गेर्डा. शाई गडद होती.

माग्देबुर्गपर्यंत सगळं ठीक होतं. तपासनीस आला, तीन नावं, तीन माणसं, गेला. इर्मानं नेहमीसारखं उकडलेलं अंडं माझ्या कपाळावर टिचवून फोडलं. "इतक्या वर्षांत याचा एवढाच उपयोग झालाय," ती गेर्डाला म्हणाली. गेर्डा हसली नाही. ती इर्माच्या हाताकडे नीट बघत होती, शिकायला बसल्यासारखी.

विटेनबर्गेच्या गाडीतला तपासनीस दुसऱ्या ओळीवर थांबला. "हे काय आहे? फारच पुसट झालंय." मी पेन काढून गिरवायला लागलो. त्या ओळीवर शाई धरेना. कडेच्या समासात मात्र तेच पेन छान उमटत होतं. तो म्हणाला, "राहू द्या आजोबा," आणि पुढे गेला.

श्वेरीननंतरच्या गाडीत तिसरा तपासनीस आला. तिकीट बघून म्हणाला, "दोघंच ना?"

"अहो, मी इथे बसलेय!" इर्मा म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही. इर्मानं माझी बाही धरली. "सांग ना रे त्याला."

"ही माझी बायको आहे," मी ओरडूनच म्हणालो.

तो गेर्डाकडे बघून हसला. "कळलं की हो. मजा करा दोघं."

 हात कशात तरी गुंतवायचा म्हणून मी थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतली. एक माझ्यासाठी ठेवला आणि दुसरा गेर्डाला दिला. इर्मा माझ्याकडे बघत राहिली. तिला विसरलो, हे मला तेव्हा कळलं. त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही.

"थंडी वाजतेय," एवढंच ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. रोस्टॉकपर्यंत सोडला नाही. गाडी बदलायला हात तसाच घट्ट धरून उतरलो.

फलाटावर वळून पाहिलं. मी धरलेल्या हाताला राखाडी बाही होती.

मी गाडीत परत धावलो. डबा रिकामा होता. चौकशीच्या खिडकीतल्या बाईनं तिकीट उलटसुलट पाहिलं. दोन नावं होती. मधली ओळ कोरी, खोडल्याची खूणही नाही.

रोस्वीथाला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "काय रे, गेर्डा दमली नाही ना?"

वार्नेम्युंडेला वारा होता. गेर्डा बराच वेळ समुद्राकडे बघत उभी राहिली. मग तिनं इर्माच्या पिशवीतून उरलेलं अंडं काढलं आणि माझ्या कपाळावर टिचवून फोडलं. अगदी हलकेच, बरोबर त्याच जागी.

मी खिशातून परतीचं तिकीट काढलं. निदान त्यावर तरी इर्माचं नाव असेल, पेन आत्ता चालेल, एवढीच आशा होती.

पहिल्या ओळीवर शाईनं गेर्डाचं नाव होतं.

दुसऱ्या ओळीवर माझं. अक्षर माझंच होतं. पेन्सिलीचं.